जुन्या पीव्हीसी पाईपचं सुरीसाठी म्यान

लोहाराकडून कमानपाट्याची (गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची) सुरी करून घेतली पण म्यान नाही, कापडात गुंडाळली तर कापड फाटतं आणि चामड्याचं म्यान पावसाळ्यात ओलं राहून पातं गंजवतं. शेतात पडलेला ६३ मिमीचा पीव्हीसी पाईप घ्या, काम होतं.

१. पाईप उभा चिरा, हॉट एअर गनने गरम करा आणि दोन फळ्यांमध्ये दाबून सपाट पट्टी करून घ्या.

२. पात्याला मास्किंग टेपचे २-३ थर द्या. हे अजिबात टाळू नका, मी पहिल्यांदा टाळलं आणि म्यान एवढं घट्ट झालं की सुरी काढायला दोघं लागले!

३. पट्टी परत गरम करा, पट्ट्यासारखी लुळी पडली की हातमोजे घालून पात्याच्या पाठीवरून दुमडा, दोन्ही बाजूंना जुन्या स्लीपरचा तळ लावून फळ्यांमध्ये दाबा, आणि वर चक्क उभं राहा. १० मिनिटं तरी हलायचं नाही, गरम असताना सोडलं की ते परत उघडतं.

४. सुरी बाहेर काढून मगच धारेच्या बाजूला भोकं पाडून रिव्हेट मारा, धारेपासून ५ मिमी तरी लांब. टोकाला एक भोक पाणी निघायला. तोंड घट्ट वाटलं तर फक्त तेवढंच गरम करून सैल करा.

पाईप गॅसच्या ज्योतीवर धरू नका, करपला की निघणारा धूर विषारी असतो, त्यामुळे गन वापरतानाही अंगणातच बसा.