वार्तापत्र ऑनलाइन नेण्याआधी

आपल्या ग्रंथालय-कर्मचाऱ्यांच्या वार्तापत्राचे जुने अंक आधी गोळा करा. ऑफिसच्या फायलीत सगळे सलग असतील या भरवशावर राहू नका. मधले अंक हटकून देवघेवीच्या टेबलाच्या खणात नाहीतर बांधणी विभागाच्या कपाटात निघतात. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा आणि फाइलला वर्ष-महिना या क्रमाने नाव द्या: २०१२-०८. दिवसभर पुस्तकांना वर्गांक लावणारे आपण, स्वतःच्या फाइलला मात्र ‘नवीन फायनल २’ म्हणतो!

खरी डोकेदुखी फॉन्टची. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच. मेलमध्ये चिकटवला की नुसता कचरा. सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड लिपीसंकेतात रूपांतर करून मिळतं, पण त्यानंतर मुद्रितशोधन टाळू नका. पहिली वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात. ‘कर्मचाऱ्यांच्या’ हा शब्द आपल्या प्रत्येक अंकात येणार, आणि त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणी नुक्ता असलेला ‘ऱ’ घेतं, कोणी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारी जोडखूण. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधायला गेलं की दुसरा सापडेलच असं नाही. एकच रीत ठरवा आणि टाइप करणाऱ्यांना सांगून ठेवा.

दोन रकान्यांचं ए-फोर पान तसंच पाठवू नका. लोक फोनवर वाचणार. एका रकान्याचा सरळ मजकूर बरा. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घेतलेला असेल, तर ऑनलाइन आवृत्तीसाठी वेगळा लागतो.

वाढदिवस, मोबाइल नंबर, निवृत्तांचे पत्ते हे सारं कागदावर घरातल्या घरात चालून जायचं. आता एका फॉरवर्डने ते कुठेही पोचेल, म्हणून ज्याचं त्याला विचारून घ्या. जुन्या अंकांतले नंबरही झाका, हे काम किचकट असलं तरी.

वार्तापत्राचं खातं कोणाच्या खासगी मेलवर उघडू नका. बदली झाली की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. मुहूर्त हवाच असेल तर १२ ऑगस्ट, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा जन्मदिवस, सोयीचा आहे.

आणि प्रत्येक अंकाची एक ठळक छापील प्रत हजेरीच्या मस्टरशेजारी लावा. मेल न उघडणारे सहकारीही सही करायला तिथे रोज येतात.