'हॉलाबॅक गर्ल'वर नाच बसवताना

अमेरिकन गायिका ग्वेन स्टेफनीचं 'हॉलाबॅक गर्ल' मंडळाच्या कार्यक्रमात बसवणार असाल तर पहिली तालीम गाणं न लावताच घ्या. न्यू जर्सीत मी मराठी मुलींना आणि त्यांच्या आयांना नाच शिकवते. या गाण्याची सुरुवात मी नेहमी पायांपासून करते.

2005 साली हे गाणं चार आठवडे बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं होतं. अमेरिकेत डाउनलोडवर दहा लाख प्रती खपलेलं हे पहिलंच गाणं. फॅरेल विल्यम्स आणि चॅड ह्यूगो या 'नेप्च्यून्स' नावाच्या संगीत-निर्मात्या जोडीने यात सुरावटीपेक्षा ठोक्याला मान दिलाय. ड्रमचे दणके, टाळ्या आणि रॅपच्या अंगाने जाणारा, बोलल्यासारखा आवाज. इथल्या शाळांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांत चिअरलीडर, म्हणजे संघाला चेव आणणाऱ्या मुली, घोषणा देतात आणि मार्चिंग बँड वाजतो, तसंच वातावरण आहे हे. म्हणून नाचात मोकळ्या जागा मोकळ्याच ठेवायच्या. आपल्याला सिनेमाच्या गाण्यांवर हात सतत वाहता ठेवायची सवय असते, ती इथे अजिबात चालत नाही.

लय मिनिटाला 110 ठोक्यांची. 'पाच-सहा-सात-आठ' म्हणा आणि नुसते पाय आपटायला लावा. एक आणि तीनवर पाय, दोन आणि चारवर टाळी. गुडघे किंचित वाकलेले हवेत आणि अख्खा तळवा एकदम टेकला पाहिजे. टाच आधी पडली तर आवाज फुटतो. बेसमेंटमधल्या कार्पेटवर हे कानाला कळतच नाही, तेव्हा निदान दोन तालमी लाकडी फरशीवर घ्या.

मग हात. मूठ घट्ट, अंगठा बोटांच्या बाहेर, मनगट सरळ. हात वर तिरके नेऊन इंग्रजी व्ही करायचा, पण खांद्यांच्या रेषेत नाही, जरासे पुढे. समोर बघताना डोळ्यांच्या कोपऱ्यात दोन्ही मुठी दिसल्या की हात बरोबर आहेत. आणि ठोक्यावर हात निघायचा नाही, पोचायचा. लेझीम खेळलेल्या आयांना हे चटकन जमतं, तिथेही हात जागेवर जाऊन खणकन थांबतो. इथे वाढलेल्या मुलींनी चिअरलीडिंग शाळेत पाहिलेलं असतं, त्यांना आयांच्या शेजारी उभं करा. एकमेकींकडून उचलतात.

गाण्यातली मुलगी घोषणेला नुसती ओ देणाऱ्यांतली नाही, कप्तानपण मागणारी आहे. म्हणून एकीलाच सबंध वेळ पुढे ठेवू नका. दर कडव्याला नवी कप्तान मागून चालत पुढे येऊ दे, बाकीच्या बाजूला सरकून वाट देतील. हे चालणं नीट बसवा, प्रेक्षक तेवढंच लक्षात ठेवतात.

'बनानाज'ची सात इंग्रजी अक्षरं सुटी करून म्हटलेली जागा सगळ्यांच्या आवडीची. अक्षरं भरभर येतात, प्रत्येकीने सातही हालचाली करायच्या म्हटल्या तर सगळं चिखल होतं. पुढच्या रांगेत सातजणी उभ्या करा. आपलं अक्षर आलं की जिची तिने मूठ वर न्यायची आणि तिथेच धरून ठेवायची. शेवटचीने उडी मारायची. आधी अक्षरं तोंडाने म्हणून, सावकाश बसवा.

मूळ गाण्यात एक शिवी वारंवार येते. आजी-आजोबा आणि लहान मुलं समोर असणार, तेव्हा रेडिओची आवृत्तीच घ्या. तिच्यात शिवीच्या जागी आवाज कापलेला आहे. त्या रिकाम्या क्षणी सगळ्यांनी मिळून एक पाय आपटायचा. ती जागा मूळच्यापेक्षा जोरकस होते, असं माझं मत आहे.

पॉमपॉम, म्हणजे चिअरलीडरच्या हातातले झिरमिळ्यांचे गोंडे, हवेतच असा मुलींचा हट्ट असतो. द्या, पण शेवटच्या धृपदाला. आधीपासून हातात दिले तर मुठी झाकल्या जातात आणि कोणाचं मनगट वाकतंय ते तुम्हाला दिसणार नाही. ते विंगेत खुर्चीवर ठेवा आणि उचलून परत जागेवर यायला आठ मात्रा राखून ठेवा.