प्लाझ्मा भट्टीवर काम करायचंय? आधी काच शिका

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये मी प्लाझ्मा आर्कने, म्हणजे वायूतून वीज सोडून पेटवलेल्या प्रखर झोताने, काचेची बॅच (रेती, सोडा ॲश म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि चुनखडी यांचं मिश्रण) वितळवण्याच्या चाचण्यांवर काम केलंय. या कामात येऊ पाहणारी डिप्लोमाची, बीईची मुलं हटकून विचारतात, "सर, टॉर्चचं तापमान किती जातं?" टॉर्च म्हणजे हा आर्क काढणारी नळी; आर्कचं तापमान जातं दहा हजार अंशांच्या घरात. पण त्या आकड्याला भुलू नका. खिडक्या-बाटल्यांच्या साध्या सोडा-लाइम काचेला 1500 अंशांच्या आसपास पुरतात. आपली काच बिघडते ती बुडबुड्यांपायी.

कागद घ्या आणि मांडून बघा. 100 किलो चुनखडी तापली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. तेवढ्याच सोडा ॲशमधून साधारण 41 किलो. गॅसच्या मोठ्या भट्टीत काचेचा रस एखादा दिवस तरी मुरतो, तोवर हा वायू सावकाश निघून जातो. आर्कखाली बॅच झटपट वितळते आणि वायू आतच अडकतो. ओतलेली लादी उजेडासमोर धरली की मोहरीएवढे फुगे स्वच्छ दिसतात.

मग हा खटाटोप कशाला? मोठी भट्टी एकदा पेटली की दहा-बारा वर्षं विझवत नाहीत. विशेष काचेची छोटी ऑर्डर तिला परवडत नाही. प्लाझ्माची भट्टी सकाळी लावा, संध्याकाळी बंद करा. कोलोरॅडोतल्या प्लाझ्मेल्टने अमेरिकी ऊर्जा खात्याच्या पैशावर ई-ग्लास (काचतंतूंसाठीची काच) वितळवायचा प्रयत्न केला तो याच दिशेने. जपानमध्ये बॅचचे बारीक दाणे बहुफेजी एसी आर्कमधून खाली सोडून, पडता पडताच वितळवून पाहिलेत. बाटल्यांच्या काचेसाठी मात्र आपल्याकडच्या वीजदरात हे गणित बसेल असं मला वाटत नाही.

इलेक्ट्रिकलवाल्यांनी एक गोष्ट पक्की करावी: आर्कमध्ये करंट वाढला की व्होल्टेज उतरतं. म्हणून करंट धरून ठेवणारा सप्लाय लागतो. शिवाय थंड काचेतून वीज जात नाही, त्यामुळे दोन टॉर्च समोरासमोर लावून आर्क आधी त्यांच्यातच पेटवायचा.

आता फीडर, म्हणजे स्क्रू फिरवून भट्टीत बॅच सोडणारं यंत्र. पुस्तकात याला दोन ओळीही मिळत नाहीत, पण निम्मा दिवस इथेच जातो. जुलैत सोडा ॲश हवेतली ओल ओढते, तिचे गोळे होतात आणि स्क्रू जाम होतो. बॅच फारच कोरडी आणि बारीक असेल तर टॉर्चचा वायू ती उडवून थेट एक्झॉस्टमध्ये नेतो. आम्ही किंचित पाणी मारून तिचे दाणे करायचो आणि वाळवून टाकायचो. फीड तुटला की आर्कचा आवाज बदलतो. जुने ऑपरेटर मीटरकडे न बघता सांगतात.

वेल्डिंगची काच न लावता आर्ककडे बघू नका, आणि रेती हाताळताना चांगला मास्क लावा. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

शिकायला कोलकात्याचं सीजीसीआरआय ही काच-सिरॅमिकची संशोधन संस्था आहे, बीएचयूच्या आयआयटीत सिरॅमिक शाखा आहे. खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात (बीएआरसी) किरणोत्सारी कचरा बोरोसिलिकेट काचेत कोंडतात; तिथल्या ट्रेनी भरतीवर लक्ष ठेवा.

खासगी कंपनीत मुलाखतीला गेलात तर काचेची तपासणी कुठे होते ते विचारा. पोलरिस्कोप (काचेतला ताण दाखवणारं उपकरण) आणि सूक्ष्मदर्शक जागेवरच असतील तर पगार थोडा कमी असला तरी मी तिथेच जाईन.