कधी चालू होतो, कधी नाही: अशा डेस्कटॉपवर या चुका टाळा

"बटन दाबलं की कधी चालू होतो, कधी होतच नाही." डेस्कटॉपच्या तक्रारींमध्ये हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. त्याच्या पाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं असतं: "रॅम साफ केली, विंडोज नव्याने टाकलं, बॅटरी बदलली, दोन दिवस नीट चालला आणि परत तेच." पूर्ण बंद पडलेला कॉम्प्युटर त्या मानाने सोपा. दोष सतत हजर असतो, एकेक भाग बदलत जायचं, ज्या भागाने चालू झाला तो सापडला. हुलकावणी देणारं मशीन मात्र तुम्ही काहीही केलं तरी चालू होऊ शकतं, आणि काहीच न करताही होऊ शकतं. त्यामुळे इथल्या चुका बहुतेक घाईतून होतात, आणि त्याच त्याच होतात.

चालू झाला म्हणजे दुरुस्त झाला असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिचं आवडतं हत्यार म्हणजे खोडरबर. रॅम काढायची, तिची सोनेरी पट्टी खोडरबराने घासायची, फुंकर मारून परत लावायची, बटन दाबायचं. चालू झाला की केबिनेट बंद. या पाच मिनिटांत नेमकं काय काय घडलं ते पाहा. तुम्ही भिंतीवरचा प्लग काढला, त्यामुळे मदरबोर्डवर (सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डवर) साठलेला चार्ज उतरला. आत हात घातलात तेव्हा चार वायरी हलल्या, एखादा सैल कनेक्टर जागेवर बसला. रॅम बदलल्यासारखी वाटल्याने बोर्डने तिची तपासणी पहिल्यापासून केली. आणि मशीनला थोडी उसंत मिळाली. इतक्या गोष्टी एकदम घडल्या आणि श्रेय मिळालं खोडरबराला. रॅमचा संपर्क खराब होत नाही असं नाही, होतो. पण घासण्याने सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असलेली ती पट्टी झिजते, रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात, आणि फुंकरीतून ओलावा जातो तो वेगळाच. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरतो, स्लॉट कोरड्या हवेच्या झोताने साफ करतो, आणि रॅम लावताना कडीचा 'टक' आवाज आल्याशिवाय हात काढत नाही. काही बोर्डांवर एकाच बाजूला कडी असते, तिथे दुसरी बाजू पूर्ण बसली का ते डोळ्यांनी बघावं लागतं.

माझ्या भाच्याच्या डेस्कटॉपवर मी हे धडधडीत अनुभवलं. सकाळी पहिल्यांदा बटन दाबलं की काहीच नाही, पाच-सहा वेळा दाबल्यावर चालू, मग दिवसभर उत्तम. त्याने रॅम घासली, चालू झाला. फोन आला, "मामा, झाला दुरुस्त!" तिसऱ्या दिवशी परत फोन. मग त्याने नवी रॅम आणली. ती लावली, चालू झाला, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. मशीन माझ्याकडे आलं तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नाही. एक वही घेतली आणि चार रकाने आखले: तारीख, आधी किती वेळ बंद होता, भिंतीवरचं बटन चालू होतं की बंद, कितव्या वेळेला सुरू झाला.

सहा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. ज्या रात्री भिंतीवरचं बटन बंद केलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी मशीन अडलं. ज्या रात्री ते चालू राहिलं, त्या सकाळी पहिल्या दाबाला सुरू. याचा रॅमशी काय संबंध? काहीच नाही. कॉम्प्युटर बंद असतानाही, भिंतीवरचा प्रवाह चालू असेल तर पॉवर सप्लाय (भिंतीवरची वीज आतल्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा) ५ व्होल्टची एक वेगळी लाइन सतत देत असतो, तिला स्टँडबाय म्हणतात. तुम्ही बटन दाबलं आहे हे बोर्डला कळतं ते याच लाइनच्या जोरावर. चोवीस पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये ती ९ नंबरच्या पिनवर येते, जुन्या सप्लायमध्ये तिची वायर जांभळी असते. सातव्या दिवशी सकाळी, मशीन थंड असताना, मी कनेक्टर न काढता मागच्या बाजूने मल्टिमीटरची तार त्या पिनला टेकवली आणि मग भिंतीवरचं बटन दाबलं. मीटरवर ४.२ आलं. आकडा थरथरत होता. डेस्कटॉप सप्लायच्या एटीएक्स मानकानुसार इथे ४.७५ ते ५.२५ च्या आत असायला हवं. केबिनेटचं बटन दाबलं, काहीच नाही. मी मीटर तसाच लावून बसलो. आकडा रांगत रांगत ४.४, ४.६ असा वर सरकत गेला, पाव तासाने ४.९ वर स्थिरावला. बटन दाबलं, मशीन सुरू.

सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून दाब स्थिर ठेवणारे भाग) वयाने सुकतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंड असताना तो आणखी जास्त असतो. थोडं ऊबदार झालं की ते कसंबसं काम निभावतात. स्टँडबायचा भाग तर भिंतीवरचं बटन चालू असेपर्यंत रात्रंदिवस राबत असतो, म्हणून बऱ्याचदा तोच आधी थकतो. भाचा दर वेळी रॅम काढून-लावून होईपर्यंत सप्लाय तापलेला असायचा. तो सगळ्या चाचण्या गरम मशीनवर करत होता आणि दोष फक्त थंड मशीनमध्ये होता. सप्लाय बदलला, विषय संपला. नवी रॅम विनाकारण आणली गेली.

म्हणून माझी सवय अशी: एका वेळी एकच बदल, आणि तो बदल त्याच परिस्थितीत तपासायचा ज्या परिस्थितीत मशीन अडतं. सकाळी अडत असेल तर निकाल दुसऱ्या सकाळीच लागणार. संध्याकाळी दहा वेळा चालू-बंद करून पाहण्याला काही अर्थ नाही. "इतका वेळ कुणाकडे आहे?" असं मला विचारतात. तीन भाग चुकीचे बदलायला जो वेळ आणि पैसा जातो, त्यापेक्षा हा वेळ कमीच आहे.

"चालू होत नाही" हे एकच लक्षण आहे असं धरून चालणं

चालू होत नाही म्हणजे नेमकं काय होतं? मी हा प्रश्न विचारला की बहुतेक जण चिडतात. पण अर्धं निदान इथेच आहे. बटन दाबल्यावर पंखा जरासुद्धा हलत नसेल तर भिंतीवरचा प्लग, सप्लायच्या मागचं बटन, स्टँडबाय लाइन आणि समोरचं पॉवर बटन एवढ्यातच शोधायचं. पंखा एक झटका मारून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा सप्लाय स्वतःला वाचवतोय. मदरबोर्डखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफही (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खुंटा) हे करतो. पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, तर रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर पाहायचा. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असे चार छोटे दिवे असतात. कोणता दिवा अडून राहतो ते बघायला सेकंदभर लागतो, तरी कुणी बघत नाही. आणि कंपनीचा लोगो दिसून त्यानंतर अडत असेल, तेव्हाच डिस्क आणि विंडोजचा विचार करायचा.

विंडोज नव्याने टाकणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. लोगोच दिसत नसेल तर तोपर्यंत विंडोजचं एक अक्षरही वाचलं गेलेलं नसतं. अशा वेळी फॉरमॅट मारणं म्हणजे आजार पायाला आणि मलमपट्टी डोक्याला, वर कुणाचे तरी फोटो गेले ते गेलेच. उलट, मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइल्सची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्यायची. बाकी सगळं नंतर.

या प्रकारातली एक केस मी विसरत नाही. मशीन सुरू व्हायचं, पंखे फिरायचे आणि चार सेकंदांत बंद. कधी कधी मात्र व्यवस्थित चालायचं. मालकाने सप्लाय बदलून घेतला होता, आणि आता मदरबोर्ड बदलायचा सल्ला त्याला मिळाला होता. मी त्याला विचारलं, "बरोबर चार सेकंद?" तो म्हणाला, "हो, जवळजवळ." चार सेकंद हा आकडा ओळखीचा आहे. चालू मशीनचं पॉवर बटन सुमारे चार सेकंद दाबून धरलं की ते जबरदस्तीने बंद होतं. म्हणजे कुणीतरी बटन दाबून धरत होतं. समोरचं पॅनेल काढलं तर दिसलं: प्लास्टिकच्या बटनाची दांडी चौकटीला एका बाजूला घासत होती, कडेला धुळीचा काळा चिकट थर साचला होता, आणि दाबलेलं बटन पूर्ण मागे येत नव्हतं. बाहेरून बघताना एका मिलिमीटरचाही फरक जाणवला नसता.

याची तपासणी फुकट आहे. मदरबोर्डवर समोरच्या पॅनेलच्या वायरी जिथे येतात, तिथून पॉवर बटनाची दोन पिनांची वायर काढायची आणि तिच्या जागी रीसेट बटनाची वायर लावायची. दोन्ही साधी क्षणिक दाबाची बटनं आहेत, काम एकच. मग काही दिवस रीसेट दाबून मशीन सुरू करायचं. दोष गेला तर बटन बदलायचं, बोर्ड नाही. मी कुठल्याही हुलकावणी देणाऱ्या मशीनवर हे पहिल्याच दिवशी करतो.

लहान पण वारंवार दिसणाऱ्या चुका

ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावणं. मॉनिटरच चुकीच्या इनपुटवर असणं. एक्स्टेन्शन बोर्डाचं सैल सॉकेट न तपासता केबिनेट उघडणं. मी आधी प्लग थेट भिंतीत लावतो, वायरही दुसरी वापरून बघतो.

नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी प्रत्येक रोगावर औषध समजून बदलणं. तिचं मुख्य काम घड्याळ आणि सेटिंग्ज टिकवणं हे आहे. तारीख मागे जात असेल किंवा मीटरवर ३ व्होल्टच्या बरंच खाली दिसत असेल तर जरूर बदला. क्वचित एखादा बोर्ड मेलेल्या बॅटरीमुळे अडतोही, पण तारीख बरोबर असताना तिच्या मागे लागू नका.

सेटिंग्जचे फोटो न काढता सीमॉस क्लिअर करणं, म्हणजे मदरबोर्डची साठवलेली सेटिंग्ज पुसणं. बूट मोड किंवा डिस्कचा मोड बदलला की चांगलं विंडोजही उठत नाही, आणि डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलुपाने) कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते.

डीडीआर ५ रॅमच्या मशीनवर धीर सोडणं. नवी रॅम लावल्यावर किंवा सेटिंग्ज पुसल्यावर पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंग (बोर्डने रॅमशी जुळवून घेणं) चालतं, आणि काळी स्क्रीन काही मिनिटं राहू शकते. लोक वीस सेकंदांत बटन दाबून बंद करतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू. पंधरा मिनिटं हात बांधून बसा.

एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू ठेवून दोष शोधणं. रॅम जाहिरातीतल्या वेगाने चालवणारी ही सेटिंग्ज आधी बंद करून काही दिवस बघा. अधूनमधून न उठणारी बरीच मशीन्स एवढ्यानेच शहाण्यासारखी वागायला लागतात.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप विसरणं. ते चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नसतं, सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवलेला असतो. 'रीस्टार्ट' केल्यावर मशीन नीट येतं आणि शट डाउननंतर लोगोपाशी अडतं, असं दिसलं तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन हे आधी बंद करा.

अडखळणाऱ्या मशीनवर बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डमधला प्रोग्राम) अपडेट करणं. मध्येच बंद पडलं तर अधूनमधून चालणारं मशीन कायमचं झोपेल.

मोड्युलर (केबल काढता-लावता येणाऱ्या) सप्लायच्या केबल एकमेकांत बदलणं. सप्लायकडच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते. कनेक्टर व्यवस्थित बसतो आणि डिस्क जळते. सप्लाय बदललात तर केबलही त्याच्याच.

पेपरक्लिपने सप्लाय 'पास' करणं. हिरवी वायर काळ्या वायरीला जोडून पंखा फिरला म्हणजे सप्लाय चालू होतो एवढंच कळतं. लोड पडल्यावर १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली जाते का, हे त्यातून कळत नाही. मी दुसरा खात्रीचा सप्लाय लावून आठवडाभर चालवून बघतो.

आणि सप्लाय स्वतः उघडणं. हे कृपा करून करू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ज्यांनी हे काम शिकलेलं नाही त्यांनी डबा बंदच ठेवायचा, पूर्ण सप्लाय बदलायचा.

राहिला प्रश्न, मशीन दुरुस्त झालं असं म्हणायचं कधी. मी वहीतले आकडे बघतो. आधी तीन दिवसांतून एकदा अडत असेल तर निदान नऊ-दहा दिवस एकदाही न अडता जायला हवेत. भाच्याचा डेस्कटॉप सप्लाय बदलल्यावर मी बारा रात्री भिंतीवरचं बटन बंद करून ठेवला आणि बाराही सकाळी पहिल्या दाबाला सुरू झाल्याची नोंद केली. मगच त्याला फोन केला, "ये, घेऊन जा."