मॉमी नदीत चढणीचा वॉलआय कसा गरवावा

कोकणात पहिल्या पावसाला मासे चढणीला लागतात, तशी ईरी सरोवरातल्या वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाची चढण मार्च-एप्रिलमध्ये लागते. सरोवर सोडून हा मासा अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या टोलीडोमार्गे मॉमी नदीत शिरतो आणि पेरिसबर्ग, मॉमी या गावांजवळच्या गोट्यांच्या, खळाळत्या पाण्यात अंडी घालतो. कमरेला पट्टा बांधून पाण्यात उभं राहायचं आणि गळ टाकायचा, अशी इथली पद्धत आहे. ओर्लीन्स पार्क, फोर्ट मेग्ज, साइड कट, ब्लूग्रास बेट आणि जेरोम रोडचा खळाळ या इथल्या ओळखीच्या जागा.

कधी जायचं ते तारखेपेक्षा पाण्याचं तापमान सांगतं. 40 अंश फॅरनहाइटच्या आसपास नर वर यायला लागतात. 42 ते 52 अंश हा खरा हंगाम, म्हणजे साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य. नर आधी येतात आणि बरेच दिवस थांबतात. मोठ्या माद्या मागाहून येतात, अंडी घालतात आणि लगेच सरोवराकडे परततात. मध्येच कडाक्याची थंडी परतली किंवा पावसाने पाणी चहाच्या रंगाचं झालं, तर मासा असूनही गळाला लागत नाही. नदीवरच्या वॉटरव्हिल गावच्या मापन केंद्राची पाणीपातळी रोज इंटरनेटवर दिसते. ती उतरत असेल आणि पाणी निवळत असेल, तर तो दिवस सोडू नका.

नियम आधी समजून घ्या, कारण या नदीला 1 मार्च ते 1 मे या काळात वेगळे नियम लागतात. मासेमारी फक्त सूर्योदय ते सूर्यास्त. गळ एकेरीच हवा आणि त्याच्या दांड्यापासून टोकापर्यंतचं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. तीन टोकांचा गळ चालत नाही. तोंडाच्या आत न लागलेला मासा लगेच सोडावा लागतो, आणि 15 इंचांपेक्षा लहान मासाही. वय 16 किंवा जास्त असेल तर परवाना हवा. दिवसाला किती मासे ठेवता येतात हे सरकार वेळोवेळी ठरवतं, ते परवाना घेतानाच पाहून ठेवा.

रॉड साडेसहा ते सात फुटी, मध्यम ताकदीचा, त्यावर 2500 किंवा 3000 आकाराचं स्पिनिंग रील आणि 10 ते 12 पाउंडी तंगूस (गळाची नायलॉनची दोरी). तंगुसात आधी भोकाचं शिसं ओवा, मग एक मणी, आणि शेवटी फिरकी (पीळ सोडवणारी छोटी कडी) बांधा. मण्यामुळे शिसं गाठीवर आदळत नाही. फिरकीच्या दुसऱ्या टोकाला 8 पाउंडी तंगुसाचा 18 ते 24 इंचांचा तुकडा, त्याच्या टोकाला तरंगणारं जिग (हलक्या डोक्याचा गळ) आणि त्यावर दोन-तीन इंची रबरी ट्विस्टर (वळणदार शेपटीचं आमिष). पुढचा तुकडा मुद्दाम हलका घ्यायचा: जिग गोट्यात अडकलं तर तेवढाच तुटतो, शिसं हातात राहतं. ट्विस्टर सरळ ओवलेला हवा. तो वाकडा बसला तर पाण्यात गरगरतो आणि तंगुसाला पीळ पडतो. गढूळ पाण्यात पोपटी, केशरी, गुलाबी रंग चालतात. पण रंगांवर फार वेळ घालवू नका, सगळं कसब शिशाच्या वजनात आहे.

खिशात 3/8, 1/2, 5/8 आणि 3/4 औंसाची शिसं ठेवा. प्रवाहाला आडवा, किंचित वरच्या बाजूला गळ टाका. रॉडचं टोक वर धरा, तंगूस ताणलेला ठेवा आणि शिसं तळावरून टकटक करत खाली वाहू द्या. प्रत्येक फूट-दीड फुटाला एक ठोका जाणवला तर वजन बरोबर. शिसं एका जागी बसून राहिलं तर ते जड आहे आणि लवकरच गोट्यात रुतणार. ठोका लागतच नसेल तर हलकं आहे, तुमचं जिग माशांच्या डोक्यावरून जातंय. पाणी फूटभर वाढलं किंवा चार पावलं सरकलात तरी वजन बदलावं लागतं. कंटाळा न करता बदला. तंगूस वळसा घेऊन तुमच्या खालच्या अंगाला सरळ झाला की गुंडाळून पुन्हा टाका.

वॉलआय झटका देत नाही. टकटक थांबते आणि टोकाला ओलं फडकं लागल्यासारखं जड होतं. तेव्हा मनगटाने रॉड छोटासा उचला, पुरे. दर वेळी जोरात हिसका मारणाऱ्यांचा गळ माशाच्या पोटात, पाठीत, शेपटीत रुततो. चार-पाच फुटी लांब तुकडा बांधला तरी तेच होतं: प्रवाहाकडे तोंड करून असलेल्या माशाच्या तोंडातून तंगूस सरकतो आणि गळ बाहेरून गालाला लागतो. असा मासा ठेवता येत नाही आणि तो उगाच जखमी होतो. म्हणून तुकडा आखूडच ठेवा.

गर्दीच्या दिवसांत माणसं रांगेने उभी असतात. शेजाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच कोनात गळ टाका, नाहीतर सगळ्यांचे तंगूस गुंततात. मासा लागला की मोठ्याने सांगा, शेजारी आपला गळ गुंडाळून घेतात. मासा संथ पाण्याकडे वळवून जाळ्यात घ्या. पाठीवरचे काटे आणि कल्ल्यांच्या कडा धारदार असतात, हात सांभाळा. गाभोळीने भरलेली मोठी मादी परत सोडावी असं आमचं ठाम मत आहे. खायला नरच चांगले लागतात.

पाणी इतकं गार असतं की पडलात तर काही मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. निओप्रीनचे वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक विजार), वरून घट्ट पट्टा, हातात काठी आणि अंगात लाइफ जॅकेट हवंच. पाऊल उचलून नव्हे, तळावर घासत टाका. पाणी मांडीच्या वर आलं की मागे फिरा. पडलातच तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि तिरकं काठाकडे सरका. ईशान्येचा वारा सरोवराचं पाणी टोलीडोकडे लोटतो, त्यामुळे पाऊस नसतानाही नदीच्या खालच्या टप्प्यात पातळी चढते. इंडियानाकडे वर पडलेला पाऊस इथे उशिरा पोचतो. ब्लूग्रास बेटावर जाताना काठावरच्या एखाद्या दगडावर पाण्याची रेघ हेरून ठेवा. ती बुडायला लागली की मासे लागत असले तरी निघा.

ठेवायचा मासा लगेच बर्फात घाला. तुकडे काढताना मधली बारीक काट्यांची ओळ व्ही आकारात कापून टाका आणि गालाचे छोटे गोळे फेकू नका. मांस पांढरं, घट्ट आणि सौम्य चवीचं असतं. मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवून तळलं तर उत्तम. तुकडे जाड असतील तर आच मध्यम ठेवा, नाहीतर रवा करपतो आणि आत कच्चं राहतं.