आधी इंधन ठरवा, मग स्टोव्ह घ्या

जर्मनीत नवीन आलेली आपली मंडळी पहिल्याच उन्हाळ्यात तंबू घेतात आणि सोबत दुकानातला सगळ्यात महागडा स्टोव्ह. तो कशावर चालतो, ते इंधन पुढच्या देशात मिळतं का, हे विचारायचं राहून जातं. मग ऐन सुट्टीत ग्रुपवर फोटो येतो, ‘हे चालेल का?’ बहुतेक वेळा चालत नाही.

सगळ्यात आधी विमान. गॅसचं कार्ट्रिज, म्हणजे स्टोव्हला जोडायचा गॅसचा छोटा डबा, विमानात नेता येत नाही. हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनमध्ये नाही, सीलबंद असलं तरी नाही. पेट्रोलचा वापरलेला स्टोव्ह तर त्याहून त्रासदायक. टाकी रिकामी केली तरी वास राहतो, आणि वास आला की स्टोव्ह गेला. ओळखीतल्या एका जोडप्याने आइसलँडला निघताना कोरा करकरीत वाटावा असा स्टोव्ह विमानतळावर सोडला. एकदाच पेटवला होता म्हणे! एअरलाइनला आधी विचारा, लेखी उत्तर घ्या. गॅस तिकडे उतरल्यावरच घ्यायचा. रेक्याविकच्या कॅम्पसाइटवर परत जाणारे लोक उरलेली कार्ट्रिजं ठेवून जातात, तिथे आधी डोकवा.

नवशिक्याने आट्यांच्या कार्ट्रिजवर चालणारा गॅस स्टोव्हच घ्यावा. जर्मनी, ब्रिटन, नॉर्डिक देश, अमेरिका, सगळीकडे ट्रेकिंगच्या दुकानात ती मिळतात. फ्रान्स-स्पेनच्या लहान गावात मात्र बऱ्याचदा कॅम्पिंगाझ कंपनीचं निळं कार्ट्रिजच हाती लागतं. त्याला आटे नसतात, ते खटक्याने बसतं, म्हणून अडॅप्टर जवळ असू द्या. अमेरिकेतला हिरवा प्रोपेनचा सिलिंडर दिसायला सोयीचा, पण त्याचे आटे वेगळे. थंडीत नुसतं ब्युटेन घेऊ नका. त्याचा उत्कलनबिंदू उणे 0.5 अंश, त्याखाली ते द्रवच राहतं आणि ज्योत मरते. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत साथ देतं, तेव्हा मिश्रण घ्या.

स्पिरिटचा स्टोव्ह स्वस्त, मुका आणि माझा लाडका. जर्मनीत ‘ब्रेनश्पिरिटुस’ साध्या सुपरमार्केटात मिळतं, फ्रान्समध्ये ‘आल्कोल आ ब्र्युले’, ब्रिटनमध्ये जांभळं मेथिलेटेड स्पिरिट. अमेरिकेत गाडीच्या इंधनात घालायचं, पिवळ्या बाटलीतलं ‘हीट’ चालतं, पण ते मेथेनॉल आहे, विषारी. लाल बाटलीतल्या ‘हीट’ने भांडं काजळीने माखतं. एक गोष्ट मात्र पाठच करा: उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. विझला असं वाटून वरून ओतलं की आग बाटलीपर्यंत चढते. बर्नर हाताला गार लागेपर्यंत थांबा.

पेट्रोल-रॉकेलवाल्यांनी बाटलीवरच्या नावावर विसंबू नये. न्यूझीलंडमध्ये ‘व्हाइट स्पिरिट्स’ म्हणजे स्टोव्हचं स्वच्छ पेट्रोल, ब्रिटनमध्ये ‘व्हाइट स्पिरिट’ म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण. स्वच्छ पेट्रोलला ऑस्ट्रेलियात ‘शेलाइट’ म्हणतात, जर्मनीत ‘वाशबेन्झिन’ चालतं. फ्रान्समध्ये ‘पेत्रोल’ म्हणजे रॉकेल आणि गाडीत भरतात ते ‘एसाँस’. ब्रिटनचं ‘पॅराफिन’ही रॉकेलच, अमेरिकेत त्याच नावाचं मेण मिळतं.

तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका, पाऊस असला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, हे महिन्याभरात कळतंच. निघायचं रविवारी असेल तर इंधन शनिवारीच आणून ठेवा. पेट्रोल पंपावर आट्यांचं कार्ट्रिज मिळेल या भरवशावर राहू नका.