आठ जणांचे कुटुंब आणि एकच कंपार्टमेंट

लांब पल्ल्याच्या गाडीचे तिकीट काढण्यापूर्वी बर्थच्या क्रमांकांचा हिशेब समजून घ्यावा. स्लीपर आणि थ्री एसीच्या डब्यात एका कंपार्टमेंटमध्ये आठ बर्थ असतात. त्यांपैकी १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ साइड लोअर आणि ८ साइड अप्पर असतो. ९ पासून हाच क्रम पुन्हा सुरू होतो. म्हणजे ३३ ते ४० हे बर्थ एका ठिकाणी येतात, पण ४० आणि ४१ यांच्यामध्ये पार्टिशन असते. एका प्रवासात आम्हाला हेच दोन क्रमांक मिळाले आणि शेजारच्या जागा म्हणून आम्ही खूश झालो. प्रत्यक्षात दशम्यांचा डबा घेऊन दर जेवणाला पार्टिशनला वळसा घालावा लागला.

सगळ्यांना एकत्र बसायचे असेल, तर आरक्षण खुले होते त्याच सकाळी तिकीट काढणे सर्वांत महत्त्वाचे आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली असून ती प्रवासाचा दिवस वगळून मोजतात. १० नोव्हेंबरला पुण्याहून सुटणाऱ्या आझाद हिंद एक्स्प्रेसचे आरक्षण ११ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता खुले होईल. येथे नागपूरकरांची गफलत होऊ शकते: गाडी त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी पोहोचत असली तरी मुदत गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजली जाते, त्यामुळे आपल्या तारखेवरून मागे मोजणारा एक दिवस उशिरा जागा होतो. ऑनलाइन तिकीट काढायचे तर खाते आधारशी आधीच पडताळून घ्यावे, कारण आरक्षण खुले होताना तशाच खात्यांना प्रवेश असतो. प्रवाशांची नावे आणि वयेही मास्टर लिस्टमध्ये, म्हणजे खात्यात जतन होणाऱ्या प्रवासी-यादीत, आदल्या दिवशी भरून ठेवावीत. आठ वाजता टायपिंग करत बसणाऱ्याला सलग जागा क्वचितच मिळतात.

एका तिकिटावर सहा जणांपर्यंत आरक्षण होते आणि तत्काळमध्ये केवळ चौघांचे. आठ जण असतील तर दोन तिकिटे अपरिहार्य आहेत. अशा वेळी चार-चार अशी विभागणी करून दोघांनी दोन खात्यांवरून एकाच वेळी तिकिटे काढावीत आणि दोन्हींमध्ये पसंतीचा डबा एकच नमूद करावा, असे माझे मत आहे. सोबत आजी-आजोबा असतील तर मात्र सहा आणि दोन ही विभागणी अधिक सोयीची ठरते. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. पण तो एकट्याला किंवा एका तिकिटावरील दोघांनाच मिळतो आणि त्याच तिकिटावर तरुण प्रवासी जोडला की लागू होत नाही.

अर्जात ‘सर्व बर्थ एकाच डब्यात मिळाले तरच तिकीट काढा’ असाही एक पर्याय असतो. तो विचारपूर्वक निवडावा, कारण अट पूर्ण झाली नाही तर तिकीटच निघत नाही, आणि पैसे परत जमा होणार असले तरी तेवढ्या वेळात उरलेल्या जागाही संपतात. शिवाय एकच डबा म्हणजे एकच कंपार्टमेंट नव्हे. प्रत्येकासाठी ‘लोअर’ मागण्याचा मोहही टाळावा. एका कंपार्टमेंटमध्ये साइड धरून तीनच खालचे बर्थ असतात, तेव्हा सहा जणांनी ते मागितले की कुटुंब विखुरण्याचीच शक्यता वाढते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तेवढा खालचा बर्थ मागून तरुणांच्या नावापुढे पसंती न लिहिणे उत्तम.

इतके करूनही एखादा जण दूर गेलाच, तर अदलाबदलीची विनंती करावी, मात्र बदल्यात तितकीच चांगली जागा द्यावी. साइड अप्पर देऊन समोरच्याचा खालचा बर्थ मागणे शोभत नाही. मधला बर्थ उघडण्यापूर्वी, म्हणजे रात्री दहाच्या आत, हे बोलणे उरकावे आणि बदललेले क्रमांक टीसींच्या कानावर घालावेत.